शब्दांची शिदोरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशपरीक्षेचे दार मुलींना २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने उघडले. मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी तेथून शिकून बाहेर पडली.

माझी नात त्या परीक्षेला बसली आणि लेखीतच अडली. गणित उत्तम, पण मराठी शाळेतली पोर, इंग्रजी शब्दांनी दगा दिला. लेखीच्या ९०० गुणांत इंग्रजीचे २०० असतात, आणि उत्तर चुकले तर त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश कापला जातो. तेव्हा अंदाजाने ठोकून देण्याची सोय नाही.

मग आम्ही दोघींनी एक वही घातली. रोज पाचच शब्द. प्रत्येकापुढे समानार्थी, विरुद्धार्थी आणि घरातलेच एक वाक्य. तिसऱ्या व आठव्या दिवशी तेच शब्द मी पोळ्या लाटताना विचारी. मूळ ओळखले की शब्दांचे सारे कुटुंब हाती येते. लॅटिन 'बेने' म्हणजे आपला 'सु', 'मॅल' म्हणजे आपला 'दुर्'. सुगंध-दुर्गंध जाणणाऱ्या मुलीला 'बेनेव्होलंट' म्हणजे भले चिंतणारा व 'मॅलेव्होलंट' म्हणजे वाईट चिंतणारा, हे निराळे घोकावे लागले नाही.

ती पुन्हा परीक्षेला बसणार आहे. यश येईल न येईल. पण ज्या मराठीचे तिला ओझे वाटत होते, तीच आता तिची शिदोरी झाली आहे. आपल्या आळीत अशी कोणी मुलगी असेल, तर ही वही न्यायला संकोच करू नका.