फुकटचं पुस्तक आणि त्याचं भाडं

घाटनांदूरहून तुमची बचत गट समन्वयक बोलतेय. आज बोलायचंय मोबाईलवरच्या पुस्तकांविषयी. पण गोष्ट सुरू होते पासबुकापासून.

आमच्या एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी पासबुक पुढं केलं. दोन महिने खात्यातून 149 रुपये आपोआप जात होते. शोध घेतला, तर लेकीनं पुस्तकं वाचायचं एक ॲप घेतलं होतं. "पहिला महिना मोफत" असं त्यावर लिहिलेलं. तिनं बटण दाबलं, पिन टाकला आणि ऑटोपे सुरू झालं. ताई म्हणाल्या, "फुकट म्हणाले होते की!" पोरगी रडवेली झाली. तिला कुणी रागावलं नाही, कारण वाचायची हौस हा काही गुन्हा नाही. पण मला प्रश्न पडला, की या पुस्तकं देणाऱ्यांचं पोट चालतं तरी कशावर?

पैसे तर कुणीतरी भरतंच. कोण भरतं, यावरून तीन वाटा दिसतात.

पहिली वाट म्हणजे वाचकच भरतो. दर महिन्याला वर्गणी द्यायची आणि हवं तेवढं वाचायचं, ऐकायचं. स्टोरीटेल ही स्वीडनची कंपनी 2017 साली भारतात आली, तिनं मराठी पुस्तकं अशीच वर्गणीवर ऐकवली. वर्गणी थांबली की पुस्तकं बंद. यात लबाडी नाही, पण हिशोब माहीत हवा.

दुसरी वाट म्हणजे वाचनालय भरतं. अमेरिकेत ओव्हरड्राइव्ह नावाची कंपनी आहे. तिचं लिबी नावाचं ॲप आहे. तिकडं राहणारी आपली मराठी कुटुंबंसुद्धा वाचनालयाच्या कार्डावर त्यातून पुस्तकं घेऊ शकतात, एक पैसा न देता. पण वाचनालय कंपनीला पैसे देतं, तेही बहुतेक लोकांच्या करातून. त्यातला आपला वाटा ठेवून कंपनी बाकीचे प्रकाशकाला देते.

आता खरी मेख ऐका. आपला गट मिरची कांडप यंत्र विकत घेतो, तेव्हा ते गटाचं होतं. दहा वर्षं चालवा. मंडप मात्र भाड्यानं आणतो, लग्न झालं की परत. कागदी पुस्तक कांडप यंत्रासारखं असतं. वाचनालयानं एकदा घेतलं, की फाटेपर्यंत वाटायचं. मोबाईलवरचं पुस्तक बहुतेक वेळा मंडपासारखं असतं. हार्पर कॉलिन्स या प्रकाशकानं 2011 साली नियम केला, की 26 वेळा दिलं की पुस्तक संपलं, पुन्हा पैसे भरा. काही प्रकाशक दोन वर्षांची मुदत घालतात. प्रकाशक म्हणतात, हे पुस्तक कधी फाटत नाही, मग आम्ही आणि लेखकानं खायचं काय? त्यांचंही अगदीच खोटं नाही. पण वाचनालयाचा खर्च दरवर्षी उभाच राहतो.

तिसरी वाट म्हणजे सरकार भरतं. भारताचं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय खरगपूरच्या आयआयटीनं उभारलंय. केंद्र सरकारच्या पैशातून ते चालतं आणि आपल्याला मोफत आहे. बालभारतीची शाळेची पुस्तकंही मोबाईलवर फुकट उतरवता येतात. शिवाय लेखक जाऊन साठ वर्षं उलटली, की पुस्तकावरचा हक्क संपतो आणि ते सगळ्यांचं होतं. साने गुरुजी 1950 साली गेले. म्हणून 2011 पासून 'श्यामची आई' कुणीही छापावी, कुणीही मोफत द्यावी.

आपल्याकडं 1967 सालापासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असा वर्ग पाहून सरकारी अनुदान मिळतं. ते पैसे तुमचे-माझेच आहेत. मग तिथलं पुस्तक मागायला लाजायचं कशाला?

त्या बैठकीत एक सूचना आली होती, की गटाच्या पैशातून सगळ्या मुलींसाठी एकच वर्गणी भरावी. आम्ही विचार केला. वर्षभर भाडं भरून हाती काय राहणार? त्यापेक्षा आधी मोफतचं वाचू, वाचनालयाचं सभासद होऊ, आणि उरलेल्या पैशात स्पर्धा परीक्षेची कागदी पुस्तकं घेऊ. ती एकीनंतर दुसरीच्या कामी येतील.

तुम्ही एवढंच करा. "मोफत" दिसलं की तीन प्रश्न विचारा. पैसे कोण भरतंय? मोफत कधीपर्यंत? थांबवायचं कसं? आणि आज घरी गेल्यावर फोनपे किंवा गुगल पे उघडून त्यातलं ऑटोपे बघा. नको असेल ते तिथूनच बंद करता येतं.

त्या ताईंचं ऑटोपे आम्ही बैठकीतच बंद केलं. बंद कसं करायचं, ते लेकीनंच सगळ्यांना दाखवलं. आता दर बैठकीला ती दोघी-तिघींचे मोबाईल तपासून देते.