गाणाऱ्याच्या श्वासाचा जमाखर्च

(जीर्णोद्धार समारंभातील भाषणाचा मजकूर)



मंदिराचा जीर्णोद्धार झाला म्हणजे दगड, वाळू, सिमेंट, मजुरी यांचा हिशेब होतो. जमा किती, खर्च किती, शिल्लक किती हे सर्वांसमोर वाचले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु मंदिरात रोज खर्च होणारी आणखी एक पुंजी आहे. तिची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. ती पुंजी म्हणजे गाणाऱ्याचा श्वास. सभामंडप कितीही भक्कम बांधला तरी पहाटेच्या काकड्याला गळा नसेल तर तो मुकाच राहणार. गावोगावी चांगले चांगले गळे चाळिशी-पन्नाशीतच बसतात. लोक म्हणतात, वय झाले. पण पुष्कळदा खरे कारण श्वासाची उधळपट्टी हेच असते.

प्रथम श्वास चालतो कसा, हे समजून घ्यावे. छाती आणि पोट यांच्यामध्ये घुमटाच्या आकाराचा एक स्नायूचा पडदा आहे. त्याला श्वासपटल म्हणतात. श्वास घेताना हा घुमट खाली उतरतो, फुप्फुसांना जागा मिळते, हवा आत येते आणि पोट आपोआप पुढे येते. पाळण्यात निजलेले मूल पाहावे. त्याचे खांदे हलत नाहीत, पोट तेवढे वरखाली होते. मोठ्या माणसाला ‘दम भर’ म्हटले की तो खांदे उचलतो आणि मान ताठ करतो. त्यामुळे हवा फारशी वाढत नाही, गळा मात्र आवळला जातो.

स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण १२ ते १८ वेळा श्वास घेतो आणि दर खेपेला सुमारे अर्धा लिटर हवा आत-बाहेर करतो. तोच माणूस पूर्ण दम भरून सोडील तर निरोगी प्रौढाच्या छातीतून साधारण तीन ते पाच लिटर हवा बाहेर येते. म्हणजे देवाने भांडवल कमी दिलेले नाही. प्रश्न आहे तो खर्चाचा.

हा खर्च कंठात होतो. तेथे दोन नाजूक स्वरतंतू आहेत. खालून येणारी हवा त्यांना कंप देते आणि स्वर निघतो. बोलताना पुरुषाचे तंतू सेकंदाला सुमारे १०० ते १३० वेळा आणि स्त्रीचे सुमारे २०० वेळा कंप पावतात. चढ्या पट्टीत गाताना हा आकडा कितीतरी वाढतो. तंतू नीट मिळाले तर थोड्या हवेत भरीव स्वर लागतो. त्यांच्यात फट राहिली तर हवा फुकट जाते आणि दम तुटतो. उलट गळा गच्च आवळून ओरडले तर तंतू एकमेकांवर आपटतात, सुजतात आणि पुढे त्यांवर गाठीही येतात. म्हणून मोठा दम म्हणजे मोठे पोट नव्हे. कमी हवेत पुरा स्वर लावणे, हाच खरा दमसास.

आपल्याकडील थोर गवयांनी हेच साधले. जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते. तरुणपणी अतिगायनाने त्यांचा आवाज गेला आणि तो पूर्वीसारखा परत आला नाही. त्यांनी नशिबाला दोष दिला नाही, उरलेल्या आवाजाला शोभेल अशी नवी गायकी घडविली. त्यांच्या शिष्या, गोव्यातील केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर (१८९२–१९७७), दमसासासाठी ख्यातनाम झाल्या. त्यांनी गायिलेली भैरवी १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांतील तबकडीवर अवकाशात गेली. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेस राहिले. त्यांच्या गायकीत एकेक स्वर सावकाश फुलविण्याला मान आहे. त्याच परंपरेतील पंडित भीमसेन जोशी (१९२२–२०११) यांचे अभंग खेड्यापाड्यांत घरोघरी ऐकले गेले. ही सर्व मंडळी जन्मतः मोठी फुप्फुसे घेऊन आली नव्हती. गुरूसमोर बसून त्यांनी वर्षानुवर्षे मेहनत केली, त्याचे ते फळ होते.

कोणी म्हणेल, गवयांचे ठीक, भजन करणाऱ्या शेतकऱ्याला याचा काय उपयोग? उपयोग आहे, कारण अभंगाची घडणच श्वास ओळखून झालेली आहे. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे असतात. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे चरण असतात. चरण संपला, तेथे श्वासाची जागा. मध्येच दम घेतला तर शब्द मोडतो. ‘पंढरी’ एका दमात आणि ‘नाथ’ दुसऱ्या दमात म्हटले की देवाचे नावच दुभंगते. नवा अभंग बसविताना आधी तो सावकाश वाचावा आणि श्वासाच्या जागी वहीत पेन्सिलीने खूण करावी. चालीत चरण लांबला तर शब्दाच्या शेवटी चोरटा, छोटा श्वास घ्यावा.

वारकरी भजनातील रीतही अशीच शहाणपणाची आहे. पुढचा गायक चरण म्हणतो आणि टाळकरी ध्रुपद धरतात. तेवढ्या वेळात पुढच्याचा गळा विसावतो. पण हल्ली अनेक ठिकाणी पुढचा गायकही टाळकऱ्यांबरोबर ध्रुपद ओरडून म्हणतो आणि मिळालेली विश्रांती घालवून बसतो. दिंडीत चालता चालता गाणाऱ्याने तर ही रीत कटाक्षाने पाळावी, कारण तेथे श्वासाचा अर्धा वाटा पायांनाही द्यावा लागतो.

आता थोडी साधना. ही घरच्या घरी, बिनखर्चात होणारी आहे.

पहिली गोष्ट: सकाळी उताणे निजून पोटावर एक पुस्तक ठेवावे. नाकाने श्वास घेताना पुस्तक वर यावे, सोडताना सावकाश खाली जावे. पाच मिनिटे पुरेत.

दुसरी गोष्ट: बसून श्वास घ्यावा आणि दातांतून ‘स्स्स’ असा बारीक आवाज करीत सोडावा. घड्याळ समोर ठेवावे. प्रथम दहा-पंधरा सेकंद होतील, पुढे वाढतील. किती लांबले यापेक्षा आवाज शेवटपर्यंत सारखा राहिला की नाही, हे पाहावे. दम पार संपेपर्यंत ताणू नये. थोडी शिल्लक नेहमी ठेवावी.

तिसरी गोष्ट: पेटीवर आपला षड्ज धरून खर्जातील स्वर आकारात सावकाश लावावेत. तोंडासमोर वीतभर अंतरावर समईची ज्योत ठेवावी. स्वर लागतो आणि ज्योत फारशी हलत नाही, म्हणजे हवा वाया जात नाही.

प्राणायामाविषयी पुष्कळ जण विचारतात. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून प्राणायामाचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला. अनुलोम-विलोमाने श्वास संथ होतो, तो गायकाला हितकारकच आहे. परंतु श्वास कोंडून धरण्याची चढाओढ करू नये. रक्तदाब व हृदयविकार असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याखेरीज कुंभक करूच नये.

काही पथ्येही सांगणे जरूर आहे. बहुतेक पुरुषांचा आवाज काळी एक-दोनच्या आसपास सुखाने लागतो. तरीही पेटी काळी चारवर लावून शिरा ताणणे यात भक्ती अधिक होत नाही. पट्टी उतरविण्यात कमीपणा नाही. बारा-पंधरा वर्षांच्या मुलांचा आवाज फुटत असेल तर त्यांना वरच्या सुरात ढकलू नये. वय वाढले की छातीची लवचिकता कमी होते. अशा वडीलधाऱ्यांनी खुशाल वरचेवर श्वास घ्यावा, फक्त जागा चुकवू नये. सप्ताहात पाणी वारंवार प्यावे आणि पहाऱ्यानंतर गप्पा आवरत्या घ्याव्यात.

तंबाखू, बिडी, गुटखा यांबद्दल स्पष्टच बोलले पाहिजे. बिडीचा धूर स्वरतंतूंवरूनच आत जातो. गळ्याचा कर्करोग भजनी माणूस म्हणून कोणाला सोडीत नाही. तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला असेल तर काढ्यावर भागवू नये, कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. वेळीच दाखविले तर गळाही वाचतो आणि माणूसही.

शेवटचा मुद्दा लाऊडस्पीकरचा. कर्ण्याच्या गोंगाटात स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून माणूस नकळत अधिक ओरडतो. माईक आहे तर आवाज हलका ठेवावा. शिवाय ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर कर्णा लावता येत नाही. म्हणजे भल्या पहाटेचा काकडा वडिलार्जित रीतीने उघड्या गळ्यानेच म्हणावा लागणार. त्यासाठी आजपासून चार-दोन मुलांना जाणत्या भजनी बुवांनी शेजारी बसवावे आणि चालीबरोबर श्वासाच्या जागाही शिकवाव्यात. चाल वहीतून किंवा टेपवरून मिळते, श्वासाची जागा शेजारी बसूनच कळते.

या कार्याला कोणी शंभर दिले, कोणी हजार दिले, कोणी श्रमदान केले. त्या सर्वांच्या पावत्या झाल्या. ज्यांनी वर्षानुवर्षे पहाटे उठून देवापुढे आपला श्वास खर्च केला, त्यांची पावती कोणी फाडली नाही. त्यांचे ऋण मानून ती पुंजी पुढच्या पिढीच्या हाती शिल्लक राहील असे करावे. मंदिराच्या भिंतींप्रमाणेच येथील गळेही दीर्घायुषी होवोत, हीच श्रीचरणी प्रार्थना.