बाटली वेशीवर अडली, जाहिरात घरात शिरली
(वर्धा येथील एका पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



१९३६ साली गांधीजी ज्या भूमीत, आजच्या सेवाग्रामी, येऊन राहिले, ज्या भूमीत पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांनी साधना केली, त्या वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. ती निर्दोष आहे, असे मी म्हणणार नाही. मोहाच्या भट्ट्या आणि शेजारच्या जिल्ह्यांतून चोरून येणारी बाटली आपणा सर्वांना ठाऊक आहे. तरीही शाळेच्या वाटेवर दारूच्या दुकानाची झगमगती पाटी आपल्या मुलांना दिसत नाही, हा लाभ लहान नव्हे. आता मात्र ती पाटी मुलांच्या तळहातावर आली आहे.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईन विकण्यास मान्यता दिली. दारूबंदीचे जिल्हे त्यातून वगळले होते. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, राज्यभर विरोध झाला आणि निर्णय मागे पडला. दुकान अडले, परंतु भ्रमणध्वनीला जिल्ह्याची वेस नसते.

मद्याची जाहिरात करण्यास १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मनाई आहे. दूरचित्रवाणीवरही ती करता येत नाही. मग वाईन तरुणांपर्यंत पोहोचते कशी? राज्याने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले आणि नाशिक परिसरात हा व्यवसाय फोफावला. तेथील ‘सुला’ने २००८ पासून द्राक्षमळ्यातच संगीत महोत्सव भरवला. मावळता सूर्य, गाणे, हातात प्याला. आलेला प्रत्येक तरुण छायाचित्र काढतो आणि इन्स्टाग्रामवर टाकतो. येथे ग्राहकच जाहिरातदार होतो, तोही स्वखर्चाने! पाहणाऱ्याला ती जाहिरात वाटतच नाही, मित्राचा आनंद वाटतो. पैसे घेऊन केलेला प्रचार तसा स्पष्ट सांगावा, असा दंडक जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये घातला. पण फुकटच्या प्रचाराला कोणता दंडक लावणार? राज्यात वाईनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे. पडद्यावर मात्र जन्मतारीख हवी ती टाकता येते.

या प्रचाराचा गाभा एकच, ‘वाईन म्हणजे दारू नव्हे.’ थोडे गणित करू. वाईनमध्ये सुमारे १२ टक्के मद्यार्क असतो. म्हणजे १५० मिलिलिटरच्या एका प्याल्यात १८ मिलिलिटर. व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये तो तेराच्या आसपास भरतो. नाव सौम्य, मात्रा अधिक! मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

द्राक्ष उत्पादकाच्या हिताचा मुद्दाही मांडला जातो. त्याच्या कष्टांविषयी मला आदर आहे. त्याच्या मालाला भाव मिळालाच पाहिजे. पण त्यासाठी आमच्या विशीतल्या मुलांनी प्याला उचललाच पाहिजे, हा कुठला न्याय?

मित्रहो, दहावी-बारावीनंतर आपली मुले नागपूर, पुणे, मुंबईला जातात. तेथे दारूबंदी नाही. त्यांच्यासोबत जाईल तो केवळ घरचा संस्कार. म्हणून भ्रमणध्वनी हिसकावू नका. तो घेऊन मुलाच्या शेजारी बसा. ‘हे चित्र तुझ्यापुढे का आले? यातून पैसा कोणाला मिळतो?’ एवढे दोन प्रश्न त्याला विचारायला शिकवा. ज्याला जाहिरात ओळखता येते, तो सहजी फसत नाही. आणि आपल्या घरच्या लग्नसमारंभात, मित्रमंडळींत आपण स्वतः कसे वागतो, तेही तपासा. मुले उपदेशापेक्षा आचरण पाहतात.

जिल्ह्याच्या वेशीवर पहारा देणे शासनाचे काम आहे. उंबरठ्यावरचा पहारा आपला आहे. तो आपण जागता ठेवू या.