हळू धावलो, म्हणून वेग वाढला

आम्ही नाहूरहून बोलतोय. मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंड यांच्या मधलं हे स्टेशन, इथे जलद गाड्या थांबत नाहीत. आमचा बचत गट बारा जणींचा. हप्ते, कर्ज, मसाले यांच्यावर आम्ही एरवी बोलतोच, आज धावण्यावर बोलायचंय. हसू नका.

झालं असं, की गटातल्या एका ताईंची मुलगी पोलीस भरतीची तयारी करत होती. तुमच्या गावातही अशा मुली असतीलच. भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची. मुलींना 800 मीटर धावण्याचे 20 गुण, 100 मीटरचे 15 आणि गोळाफेकीचे 15. पहाटे अंधारात मुलीला एकटं कसं सोडायचं, म्हणून ताई निघाल्या, आणि ताईंना सोबत म्हणून आम्ही चौघी. लोकल पकडण्यापलीकडे आम्ही शाळा सुटल्यापासून कधी धावलो नव्हतो.

पहिला महिना आम्ही सगळं चुकीचं केलं. वेग वाढवायचा म्हणजे रोज जीव तोडून धावायचं, असं वाटायचं. तीन आठवड्यांत दोघींच्या नडग्या इतक्या दुखायला लागल्या की जिना उतरताना कठडा धरावा लागे. आणि मुलीची वेळ? चार मिनिटांच्या आत येईना. घरात बोलणी सुरू झाली, "हिच्यात दमच नाही, फॉर्मचे पैसे वाया." तीही तेच म्हणायला लागली.

ताईंनी तिला आरोग्य केंद्रात नेलं. हिमोग्लोबिन निघालं 9. बाईचं ते निदान 12 तरी हवं. रक्तात हिमोग्लोबिन कमी म्हणजे स्नायूंना प्राणवायू कमी, मग पोर कितीही जिद्दीची असो, दुसऱ्या फेरीत तिचे पाय जड होणारच. पोरीला आळशी म्हणत होतो आम्ही! महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे, तेव्हा धावणं सुरू करण्याआधी ही तपासणी करून घ्या. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्या, चहासोबत घेऊ नका, लोह अंगी कमी लागतं. लिंबूपाण्यासोबत चालेल. छातीत दुखत असेल, रक्तदाब असेल, दिवस गेले असतील, तर धावायचं की नाही हे आधी डॉक्टरांना विचारा.

दोन महिने गोळ्या चालू होत्या तेव्हा जोरात धावणं बंदच होतं. नाइलाजाने हळू धावलो, आणि गंमत म्हणजे तिथेच गाडी रुळावर आली. हळू म्हणजे किती? धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. आम्ही थकलेल्या हप्त्यांचा हिशेब धावता धावता करायचो. मध्येच कोणाची धाप लागून आकडा अडला, की सगळ्या जणी वेग कमी करायच्या. अशा सावकाश धावण्याने हृदय एका ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं, पायांतल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, आणि नडग्यांची हाडं, शिरा भार घ्यायला तयार होतात. हाडांना मात्र दमापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून धावण्याचा वेळ दर आठवड्याला थोडाथोडाच वाढवायचा.

साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर आठवा. 2012, 2013 आणि 2014 अशी सलग तीन वर्षं मुंबई मॅरेथॉनमध्ये ती भारतीय महिलांत पहिली आली. 42 किलोमीटरची शर्यत ती! मग ती 3000 मीटर स्टीपलचेसकडे वळली आणि 2016 साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचली. आधी लांबचा दम, वेग मागाहून. तिची बरोबरी आपण कुठली करणार, पण क्रम तोच.

दोन महिन्यांनंतर आठवड्यातून एकच दिवस जोराचा ठेवला, गुरुवार. रस्त्यावरच्या विजेच्या खांबांचा उपयोग केला: दोन खांबांच्या मधे जोरात, पुढच्या दोन खांबांमधे चालत. आधी चार वेळा, मग सहा, मग आठ. गावात खांब नसतील तर बांधावरची झाडं धरा. मंगळवारी आणि रविवारी सावकाश, रविवारी जरा जास्त वेळ. बाकीचे दिवस घरकाम असतंच की! पाऊल लांब टाकू नका, त्याने गुडघ्याला दणका बसतो. पावलं छोटी आणि भरभर हवीत.

कपड्यांचं विचारतात बायका. बारामतीच्या शर्यतीत साठी ओलांडलेल्या लताबाई करे नवऱ्याच्या उपचारासाठी नऊवारीत अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण त्यांच्या पायांना रानातल्या कष्टांची सवय होती. आपण बूट घालावेत, नीट बसणारे, महाग नसले तरी चालतील. आणि आतून घट्ट, आधार देणारी ब्रा हवी. हे रेडिओवर बोलायला कशाला लाजायचं? त्यावाचून कितीतरी मुली धावणं सोडतात.

आता 800 मीटरचं. 400 मीटरच्या मैदानाला दोन फेऱ्या. मैदान नसेल तर मोजपट्टीने मोजून चुन्याच्या खुणा करा. आमची मुलगी पहिली फेरी 1 मिनिट 40 सेकंदांत मारायची आणि दुसरीला 2 मिनिटं 20 सेकंद लावायची. सगळ्या मुली सुरुवातीला उधळतात म्हणून हीही उधळायची. मग ताई घड्याळ घेऊन 200 मीटरच्या खुणेवर उभ्या राहू लागल्या. पोर 50 सेकंदांच्या आत तिथे पोचली की ताई ओरडायच्या, "हळू गं!" पोरीला राग यायचा. शेजारून जाणारे लोकही बघायचे, धावणाऱ्या मुलीला आईच हळू म्हणतेय!

आमच्यातली अठ्ठेचाळीस वर्षांची ताई पूर्वी एक किलोमीटरला साडेनऊ मिनिटं घ्यायची, आता आठ घेते. मुलीचं मैदान अजून व्हायचं आहे. तिच्या वेळा आम्ही गटाच्या खातेवहीच्या मागच्या पानावर लिहितो. मागच्या गुरुवारची नोंद अशी आहे: पहिली फेरी 1 मिनिट 43 सेकंद, दुसरी 1 मिनिट 41.