अंधुक दीर्घिका आणि खोडदची दुर्बीण



नाशिकहून पुण्याला जाताना आपण नारायणगावला चहासाठी थांबतो. तिथून जवळच, खोडदला, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. तारेच्या जाळीच्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. मी खगोलशास्त्रज्ञ नाही, सॉफ्टवेअरवाली आहे. पण तिथलं एक काम मला फार आवडतं.

आपल्या आकाशगंगेच्या आसपास अनेक बटू दीर्घिका आहेत. त्यांत तारे इतके कमी, की त्या जेमतेम दिसतात. पण त्यांतला उदासीन हायड्रोजन २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो. एखादा अणू आपणहून अशी लहर सोडायला सरासरी एक कोटीहून जास्त वर्षं घेतो! अणू अगणित आहेत, म्हणून काहीतरी ऐकू येतं. ३० जणांनी एकमेकांशी हात मिळवले तर हस्तांदोलनं किती, हे वर्गातलं गणित आठवतं? ४३५. तबकड्यांचे संकेत असेच जोडीजोडीने संगणकात जुळवतात आणि त्यातून वायूचा नकाशा तयार होतो.

आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी अशा साठेक अंधुक दीर्घिकांची पाहणी केली. त्यांतली एनजीसी ३७४१ सुमारे एक कोटी प्रकाशवर्षं दूर आहे. ताऱ्यांचा उजेड जिथवर दिसतो, त्याच्या आठपटींहून लांबवर तिचा वायू पसरलेला आहे, असं त्यांनी २००५ साली दाखवलं. तो वायू इतक्या वेगाने फिरतो, की त्याला धरून ठेवायला तारे आणि वायू यांचं वजन पुरत नाही. न दिसणारं कृष्णद्रव्य तिथे खूप असावं, असा त्याचा अर्थ लावतात. नुसता उजेड मोजला असता, तर यातलं काहीच कळलं नसतं.

या मेळाव्यासाठी फोन केले तेव्हा दोघीतिघी म्हणाल्या, "आम्ही कशाला येऊ? आमचं कुठे काय नाव झालंय?" त्यांना मी दीर्घिका सांगत बसले नाही, नुसतं "ये गं" म्हटलं. त्यांतली एक आज समोर बसली आहे, आणि मला फार बरं वाटतंय.

शिक्षकांना एक विनंती. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदची दुर्बीण लोकांना पाहता येते. मुलांची सहल न्या. मोबाइलच्या लहरी तिथे अडथळा का ठरतात, हे त्यांना नक्की विचारायला सांगा.