मालवणची सहल आणि एक मागणी

(मार्च १९९५ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



मला दहा मिनिटं मिळाली आहेत आणि विषय दिलाय 'मुलींची मालवण सहल'. पन्नाशीकडे निघालेल्या आम्हाला अजून 'मुली' म्हणणारी माणसं या एका हॉलमध्येच उरली आहेत, म्हणून आधी तुमचे आभार. सहलीचे दोनशे फोटो ग्रुपवर येऊन गेलेत. त्यामुळे फोटोत जे आलं नाही तेवढंच सांगते, आणि शेवटी एक मागणी करते. मागणी पैशाची आहे, तेव्हा शेवटपर्यंत बसा.

गेल्या फेब्रुवारीत पहाटे साडेचारला रंकाळा स्टँडपासून आम्ही निघालो. अकरा मैत्रिणी आणि बारावी प्रवासी म्हणजे आपल्या भूगोलाच्या बाई. वय सत्याहत्तर. "बाई, दिवसभर बोटीत बसायचंय, झेपेल का?" असं विचारल्यावर म्हणाल्या, "तुमच्यासारख्या साठ पोरींना एका वर्गात बसवलंय, बोटीचं काय घेऊन बसलीस." राधानगरी सोडून दाजीपूरच्या जंगलात उजाडलं, तेव्हा बाईंनी गाडीतच तास घेतला. इथे अलीकडे पडलेला पाऊस भोगावतीतून पंचगंगेत, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत आणि तिथून पार बंगालच्या उपसागरात जातो. घाटमाथ्याच्या पलीकडे पडलेला मात्र थोड्या वेळात अरबी समुद्रात. म्हणजे आपल्या अंगणातलं पाणी पूर्वेच्या समुद्राला जातं आणि आपण तीन-चार तासांत पश्चिमेच्या समुद्राला पोचतो. परीक्षेला विचारलं असतं तर आमच्यापैकी कुणालाच आलं नसतं. फोंडा घाट उतरून कणकवलीत मिसळ खाल्ली, तिला नावं ठेवली (कोल्हापूरकर आहोत, ठेवणारच) आणि साडेनऊला मालवणच्या जेटीवर हजर झालो.

जेटीवरून सिंधुदुर्ग दहा-पंधरा मिनिटांवर. कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतलेला हा किल्ला आपण चौथीच्या पुस्तकात पाहिलाय. पण त्याचं आपल्या गावाशी नातं आहे, हे आमच्यातल्या निम्म्याजणींना माहीत नव्हतं. ताराराणींच्या काळानंतर हा किल्ला कोल्हापूर गादीकडे होता. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो घेतला, त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असं नाव दिलं आणि पुढे पैसे घेऊन कोल्हापूरला परत केला. त्या वेळी इथला कारभार राणी जिजाबाई पाहत होत्या. शेवटी १८१२ च्या तहात मालवण कायमचं इंग्रजांकडे गेलं. थोडक्यात, दीडशे किलोमीटर आत डोंगराआड राहणाऱ्या कोल्हापूरकरांचं एके काळी स्वतःचं आरमार होतं. किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चारी बाजूंनी खारं पाणी, मध्ये गोडं. बाई प्रत्येक विहिरीत वाकून बघत होत्या आणि आम्ही त्यांचा पदर धरून.

आता फोटोत न आलेला भाग. किल्ल्याच्या जवळच समुद्रात प्रवाळ आहे. हा सगळा परिसर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. छोट्या बोटीतून तिथे नेतात, नांगर टाकतात आणि डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी, अंगात लाइफ जॅकेट घालून माणसाला पाण्यात सोडतात. बोटीवरच्या मुलानं विचारलं, "पोहायला कुणाकुणाला येतं?" अकराजणींत दोन हात वर झाले. एक पुण्याच्या सोसायटीतल्या तलावात मुलाबरोबर शिकलेली. दुसरी शिरोळकडची, जिला वडिलांनी पाठीला डबा बांधून मळ्यातल्या विहिरीत ढकललं होतं. बाकी नऊजणींत मी होते.

मग बोटीतच चर्चा सुरू झाली. आपल्याच वर्गातली मुलं शाळा सुटली की कोटीतीर्थावर नाहीतर पंचगंगेच्या घाटावर असायची. ओल्या डोक्यानं दुसऱ्या दिवशी वर्गात यायची आणि सरांचा मार खायची. आपण का नव्हतो? एकजण म्हणाली, केस वाळत नाहीत म्हणून. दुसरी म्हणाली, घालायचं काय हा प्रश्न होता. तिसरी म्हणाली, "आईला विचारलंच नाही. उत्तर माहीतच होतं." कुणी आम्हाला मुद्दाम अडवलं असं नाही. तो प्रश्नच कुणाच्या घरात निघाला नाही.

याच्या आधीच्या जूनमध्ये ऑफिसच्या कामासाठी मी बार्सिलोनाला होते. एका रविवारी टीमनं मला कोस्टा ब्रावाच्या किनाऱ्यावर बोटीच्या सहलीला नेलं. भूमध्य समुद्राच्या काठी उन्हाळ्यात घरोघरचे लोक करतात ती ही गोष्ट. सकाळी बोट निघते, कड्यांच्या मधल्या एखाद्या शांत खाडीत नांगर टाकते, सगळे पाण्यात उड्या मारतात, दुपारी बोटीवरच मासळी घातलेला भात खातात आणि संध्याकाळी परततात. तो समुद्र आपल्यापेक्षा गरीब स्वभावाचा आहे. भरती-ओहोटीचा फरक तिथे वीत-दोन वीत, मालवणला दीड-दोन मीटर. तिकडचा हंगाम जून ते सप्टेंबर, नेमका आपल्याकडे समुद्र खवळलेला असतो आणि बोटी बंद असतात तेव्हाचा. त्या बोटीवर सत्तरीच्या दोन आज्या होत्या. शिडी धरून उतरायच्या, तासभर पोहायच्या, वर येऊन ऑलिव्ह खायच्या, पुन्हा उतरायच्या. मी डेकवर सगळ्यांचे चष्मे आणि पिशव्या सांभाळत बसले होते. त्यांतल्या एकीनं विचारलं, "तुमच्या देशाला समुद्र नाही का?" मी म्हटलं, नुसत्या आमच्या राज्यालाच सातशे किलोमीटरहून जास्त आहे. बाई नुसती हसली. मालवणची सहल मी ठरवली ती या हसण्यामुळे.

तर आम्ही उतरलो. लेगिंग, टी-शर्ट आणि वर जॅकेट. मला विज्ञानाच्या सरांना सांगायचंय की सर, आर्किमिडीजचं तत्त्व मला शेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. तुम्ही ते आठवीत शिकवलंत, मी मार्कही पुरते घेतले, इंजिनिअरिंगला त्याची गणितंही सोडवली. पण छातीत हवा भरून घेतली की शरीर पाण्यापेक्षा किंचित हलकं होतं आणि समुद्राचं खारं पाणी जास्तच उचलून धरतं, हे पाठीखाली जाणवलं तेव्हा खरं वाटलं. बुडणारा माणूस हात वर करतो, तिथेच घात होतो. पाण्याबाहेर आलेल्या हातांना पाणी उचलत नाही, त्यांचा सगळा भार उरलेल्या अंगावर पडतो आणि नेमकं तोंड पाण्याखाली जातं. हात पाण्यातच ठेवायचे, मान मागे टाकायची, श्वास सावकाश घ्यायचा. बोटीवरचा मुलगा एवढंच सांगत होता, "भिया नकात, मी आसंय." खाली डोकावल्यावर काळे-पिवळे पट्ट्यांचे मासे इतक्या जवळून गेले की मी नळीतूनच ओरडले. प्रवाळावर पाय टेकायचा नाही, ही ताकीद आधीच मिळाली होती. तो दगडासारखा दिसतो, पण जिवंत असतो.

आमच्यातली एक उतरली नाही. ती कोण हे तुम्हाला माहीत आहे, आणि हे सांगायची तिची परवानगी मी घेतली आहे. आपण सातवीत असताना तिचा मामेभाऊ पंचगंगेत गेला. त्यानंतर तिच्या घरात नदी हा शब्दही काढत नसत. ती बोटीत बाईंच्या शेजारी बसून राहिली. बाईंनी आग्रह केला नाही, समजूत घातली नाही. आम्ही सगळ्या वर आल्यावर ती एकटी उठली, जॅकेट घातलं, शिडीच्या तिसऱ्या पायरीवर कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभी राहिली. दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरलेली. तीन-चार मिनिटं असेल. मग वर आली आणि म्हणाली, "पोरीला शिकवते मी." कुणीच काही बोललं नाही. बाईंनी तिला आपला टॉवेल दिला.

जेवण तारकर्लीला एका घरगुती खानावळीत. मुद्दाम पोहून झाल्यावर ठेवलं होतं, भरल्या पोटी पाण्यात उतरवत नाहीत. समुद्रातून आल्यावर जी भूक लागते ती वेगळीच. सुरमईची कढी, तळलेला बांगडा, तिसऱ्यांचं सुकं, वडे, भात. वाटीत सोलकढी आली तेव्हा एकजण म्हणाली, "पांढरा रस्सा गुलाबी कसा झाला गं?" मालकीणबाईंनी तिसऱ्यांदा वाढताना विचारलं, "कोल्हापूरची काय तुम्ही?" जेवणावरून ओळखलं म्हणाल्या. तीन तास आधी घाबरून पांढऱ्या पडलेल्या बायका इतक्या मोठ्यानं हसत होत्या की शेजारच्या टेबलावरचं कुटुंब उठून आत बसलं. अंधार पडायच्या आत घाट चढलो आणि नऊला घरी.

आता मागणी.

शाळेच्या दारात आपल्या बॅचच्या नावाची कमान उभारायचं समितीनं योजलंय. त्यामागची भावना मला कळते, माझंही नाव त्यावर येईल. पण ते पैसे पाण्यासाठी वापरावेत असं आम्हा अकराजणींचं म्हणणं आहे. दर वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत आठवीतल्या मुलामुलींना, आणि मुलींना आधी, महिनाभर पोहायला शिकवायचं. तलाव नवा बांधायची गरज नाही. अंबाई टँक आहे, रमणमळ्याचा तलाव आहे. फी, रिक्षा, पूर्ण अंगाचा पोहण्याचा पोशाख, आणि मुलींच्या तुकडीसाठी शिकवणारी बाई, एवढा खर्च आपण उचलायचा.

हे बोलायला लागल्यावर ग्रुपवर एक शंका आली, ती रास्त आहे. मुली पाण्याकडे जातच नाहीत, मग त्यांना पोहण्याची गरज काय? मित्रांनो, २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या आठवड्यात आपल्यापैकी कितीजणांच्या स्वयंपाकघरात पाणी होतं, हात वर करा बघू. हे बघा. पाणी आपल्याकडे आलं, आपण त्याच्याकडे गेलो नव्हतो. २०२१ ला पुन्हा आलं. पुराच्या धारेत चांगला पोहणाराही टिकेल असं नाही, आणि तसं मी म्हणतही नाही. पण पोहायला शिकताना बाकीचंही शिकवतात. घाबरायचं नाही, पाठीवर तरंगायचं, बुडणाऱ्यामागे उडी न टाकता दोर किंवा रिकामा कॅन टाकायचा. जगात दर वर्षी सुमारे ३ लाख माणसं बुडून मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांत लहान मुलं पुष्कळ असतात. शाळेच्या वयात पोहणं आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवा, हा त्यावरचा तिचा एक मुख्य सल्ला आहे.

दुसरी शंका, पालक पाठवतील का? पहिल्या वर्षी दहाच मुली येतील, येऊ देत. ऑलिंपिकला पोहलेला वीरधवल खाडे याच गावचा, हे पालकांना माहीत आहे. आपल्या मुली ऑलिंपिकला गेल्या नाहीत तरी चालेल, रंकाळ्याच्या काठावरून न घाबरता चालल्या तरी पुष्कळ झालं. आणि पालकसभेत बोलायला आम्ही येऊ. 'आईला विचारलंच नाही' म्हणणारी मैत्रीण आता स्वतः आई आहे, तिला उत्तरं देता येतात.

तिसरी शंका कुणी बोलून दाखवली नाही, मीच सांगते. या वयात तू कशाला बोलतेस, तुला येतं का? मालवणहून आल्यावर मी पुण्यात बायकांच्या संध्याकाळच्या तुकडीत नाव घातलं. चोविसाव्या दिवशी तलावाची २५ मीटरची एक फेरी न थांबता केली. वेग विचारू नका. माझ्या शेजारच्या लेनमध्ये सहा वर्षांची मुलगी होती, ती तेवढ्यात चार फेऱ्या मारायची. तिला ते जन्मापासून येत असावं असंच वाटत होतं. शाळेतल्या आपल्या मुलींना तसं वाटायला हवं.

समितीसमोर हा प्रस्ताव आज दुपारच्या सत्रात येतोय. पहिल्या वर्षीचा निम्मा खर्च आम्ही अकराजणींनी आपसात गोळा केला आहे, उरलेला तुमच्याकडे मागतोय. शिडीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत गेलेल्या आपल्या मैत्रिणीची मुलगी याच शाळेत सातवीत आहे. पुढच्या उन्हाळ्यात पहिल्या तुकडीतलं पहिलं नाव तिचं लिहायचं आहे. यादी चहाच्या टेबलाजवळ ठेवली आहे, पेन बाईंच्या हातात आहे. त्यांना नाही म्हणून दाखवा.