थैलीवरील चिठ्ठी

मुंबई आणि गुजरात यांना जोडणारा लोहमार्ग १८६४ सालीं पुरा झाला आणि डहाणूच्या किनारपट्टीला मुंबईचें दार उघडलें. त्या मार्गावरून टपालाच्या बंद थैल्या जाऊं लागल्या. थैलींतील पत्रें कोणाचीं, मराठी कीं गुजराती, सुखाचीं कीं दुःखाचीं, ही चौकशी मधल्या स्थानकांवर करण्याचें कारण नसे. थैलीच्या तोंडाशीं बांधलेली चिठ्ठी पाहावी आणि थैली पुढच्या गाडींत चढवावी, एवढेंच तेथील काम. संगणकांचे संदेश दूरवर नेण्याची आजची एक प्रमुख पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. तिचें नांव मल्टिप्रोटोकॉल लेबल स्विचिंग, म्हणजे एमपीएलएस. तिची मूळ रचना एरिक रोझेन, अरुण विश्वनाथन् व रॉस कॅलन यांच्या नांवें जानेवारी २००१ मध्यें प्रसिद्ध झाली.

ही पद्धत कोणती अडचण दूर करते, हें प्रथम पाहूं. समजा, एका संस्थेची एक कचेरी डहाणू रोड स्थानकाजवळ आहे आणि दुसरी तलासरीस, मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत. एकाच इमारतींतील संगणक एकमेकांशीं ज्या तुकड्यांनीं बोलतात त्यांस इथरनेटच्या फ्रेम म्हणतात. प्रत्येक यंत्रास ४८ बिटांचा एक क्रमांक असतो, आणि कोणता क्रमांक कोणत्या तारेवर आहे हें मधला स्विच हळूहळू शिकून घेतो. ठाऊक नसलेल्या क्रमांकासाठीं फ्रेम आली, तर ती तो सर्व तारांवर धाडतो. जणूं वाड्याच्या चौकांत उभें राहून हांक मारावी तसें. परंतु हा क्रमांक म्हणजे माणसाचें नुसतें नांव आहे. त्यांत गांवाचा पत्ता नाहीं. म्हणून इमारतीबाहेरच्या जगांत ती फ्रेम एकटी वाट काढूं शकत नाहीं. तिला थैली लागते.

डहाणूच्या टोकास सेवा पुरविणाऱ्या कंपनीचा राउटर असतो. तो ती फ्रेम जशीच्या तशी घेतो आणि तिच्यावर दोन चिठ्ठ्या लावतो. आंतली चिठ्ठी सांगते कीं, ही थैली कोणत्या ग्राहकाच्या कोणत्या जोडणीची. बाहेरची चिठ्ठी सांगते कीं, तलासरीकडील राउटरपर्यंत वाट कोणती. प्रत्येक चिठ्ठी ३२ बिटांची असते. त्यांतील २० बिट क्रमांकाचे, ३ अग्रक्रमाचे, १ बिट 'हीच शेवटची चिठ्ठी' असें सांगणारा, आणि ८ बिट आयुर्मर्यादेचे, म्हणजे वाट चुकलेली थैली जन्मभर फिरत राहूं नये यासाठीं. मधले राउटर केवळ बाहेरची चिठ्ठी वाचतात, तिच्या जागीं आपल्या पुढच्या शेजाऱ्यास समजेल असा क्रमांक घालतात आणि थैली पुढें ढकलतात. पुष्कळदां शेवटून दुसरा राउटरच बाहेरची चिठ्ठी काढून टाकतो. तलासरीस आंतली चिठ्ठी वाचून उतरविली जाते आणि फ्रेम योग्य दारीं पोंचते. तेथील स्विचला वाटतें कीं, भिंतीपलीकडून सरळ एक तार आली आहे. तार तर कोठेंच नसते. म्हणून या जोडणीस स्यूडोवायर, आभासी तार, म्हणतात. तिच्यावरून इथरनेट नेण्याचे नियम एप्रिल २००६ मध्यें प्रसिद्ध झाले.

जव्हारची तिसरी कचेरी या जाळ्यांत आली म्हणजे एक नवा प्रश्न उभा राहतो. आतां हांक दोन दिशांनीं जाते, आणि ती फिरून परत आली तर अखंड घुमत राहील. म्हणून नियम असा केला आहे कीं, एका आभासी तारेवरून आलेली फ्रेम दुसऱ्या आभासी तारेवर पुन्हां चढवावयाची नाहीं. ती फक्त स्थानिक ग्राहकास द्यावयाची. अर्थात् प्रत्येक टोक प्रत्येक टोकाशीं जोडलेलें असावें लागतें. या व्यवस्थेचीं दोन प्रमाणें जानेवारी २००७ मध्यें निघालीं. एकाच्या कर्त्यांत किरीटी कोंपेल्ला व याकोव्ह रेख्टर हे होते. पुढें फेब्रुवारी २०१५ मध्यें ईव्हीपीएन हें प्रमाण आलें. त्यांत राउटर आपल्याकडील यंत्रांचे क्रमांक एकमेकांस आधींच कळवितात, त्यामुळें हांका मारण्याचें काम पुष्कळ कमी होतें.

रचना सुबक आहे. पण तिचे दोष ध्यानांत न घेतां ती विकत घेणें धोक्याचें. पहिला दोष आकाराचा. नेहमींच्या फ्रेममध्यें १५०० बाइट मजकूर व १४ बाइट शीर्षक असतें. त्यावर दोन चिठ्ठ्यांचे ८ आणि नियंत्रणाचे ४ मिळविले कीं १५२६ होतात. मधला मार्ग १५०० पेक्षां मोठी थैली घेत नसेल तर ती मुकाट्यानें टाकून दिली जाते. मग चाचणीचे छोटे संदेश बिनतक्रार जातात आणि मोठी फाइल मात्र अडून बसते. दोष दिला जातो संगणकाला. चूक असते वाटेची.

दुसरा दोष नांवांतच दडलेला आहे. या जाळ्यास 'खासगी' म्हणतात. पण चिठ्ठी म्हणजे कुलूप नव्हे. ती एका ग्राहकाची थैली दुसऱ्याच्या दारीं जाऊं देत नाहीं, इतकेंच. वाटेवर ज्याचा हात पोंचतो त्याला आंतील मजकूर वाचतां येतो. गुप्तता हवी असेल तर पत्र दोन्ही टोकांस सांकेतिक लिपींत घालावें लागतें, आणि ती जबाबदारी ग्राहकाची.

तिसरी गोष्ट रस्त्याची. चिठ्ठी कितीहि अचूक असली तरी रस्ताच तुटला तर थैली जाणार कशी? डहाणू-तलासरींत हा प्रश्न पुस्तकी नाहीं. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या आसपास भूकंपाचे धक्के बसूं लागले. १ फेब्रुवारी २०१९ रोजीं ४.१ तीव्रतेचा धक्का नोंदला गेला. त्या भागांत भूकंपमापक यंत्रें बसविण्यांत आलीं. पावसाळा आणि रस्त्यांची खोदाई हीं तर दरसालचींच. फायबरची केबल एका रेषेंत गेली असेल तर एका घावानें पुढचीं सारीं गांवें मुकीं होतात. केबल वर्तुळांत फिरविली असेल आणि उलट्या वाटेच्या चिठ्ठ्या आधींच तयार ठेवल्या असतील, तर सुमारें ५० मिलिसेकंदांत वाहतूक दुसऱ्या बाजूनें वळवितां येते. केंद्रीय मंत्रिमंडळानें ४ ऑगस्ट २०२३ रोजीं भारतनेटच्या सुधारित योजनेस मान्यता दिली ती याच दिशेनें: ग्रामपंचायतींपर्यंत वर्तुळाकार रचना, आणि तालुका व ग्रामपंचायत या दोन्ही पातळ्यांवर एमपीएलएसचे राउटर.

या दोन तालुक्यांतील बहुसंख्य वस्ती वारली व इतर आदिवासी समाजाची. दाखल्यासाठीं वा धान्यासाठीं पाड्यावरून पायीं आलेल्या माणसास 'आज लिंक नाहीं' असें उत्तर मिळालें, तर त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते आणि दुसरा हेलपाटा पदरीं येतो. थैलीवर चिठ्ठी कशी लावली हें जाणून घेणें त्याचें काम नव्हे. मात्र जे त्याच्या वतीनें जाळ्याचे करार करतात त्यांनीं तीन प्रश्न विचारल्यावांचून सही करूं नये. मोठी थैली वाटेंत अडणार नाहीं ना? रस्ता तुटल्यास दुसरा कोणता? आणि थैलीला कुलूप कोण घालणार?